एक टाळी पुढे, दोन मागे

माझ्या लेकीने तो कागद तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, शाळेला कळवायचंय, कोर्टात जबाब द्यायचा नाहीये." पण ऐकेल तर ती माझी लेक कसली! स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपरं टेकून, जिभेचं टोक दातात धरून, लहानपणी निबंध लिहायची तशी लिहीत बसली होती.

लेक माझी शाळेत खेळाची शिक्षिका, व्हॉलीबॉल शिकवते. शिवाय रविवारी सकाळी मुलींचा एक क्लब चालवते, बंद पडलेल्या एका गोदामात, पत्र्याच्या छपराखाली. शाळेतल्या काही मुली क्लबातही येतात. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुठल्याशा आईच्या डोक्यात किडा वळवळला, की मॅडम आपल्या क्लबातल्या मुलींनाच शाळेच्या संघात घेतात. ती गेली मुख्याध्यापकांकडे, आणि महिन्याभरात नवा नियम आला. बाहेर संघ चालवणाऱ्या शिक्षकाने शाळेला लेखी कळवायचं: संघ कुठला, त्यात आपल्या शाळेची मुलं कोण, मदतीला कोण असतं. त्या मुलांची निवड चालू असताना शिक्षकाने हॉलमध्ये थांबायचं नाही. आणि निवडीबद्दल त्यांच्याशी आधी अवाक्षर बोलायचं नाही.

"नियम चांगलाच आहे," लेक म्हणाली.

"चांगला? तुझ्यावर संशय घेतलाय त्यांनी!"

"माझ्यावर नाही गं. उद्या माझ्या जागी कुणी लबाड आला तर? त्याच्यासाठी असतो नियम."

"मग त्या लबाडालाच लावा म्हणावं. तुला कशाला?"

ती हसली आणि लिहायला लागली. मी मागून वाकून बघितलं. क्लबाचा पत्ता, मुलींची नावं, वेळ, आणि खाली चक्क, 'मदतीला माझी आई: किल्ल्या, चहा, प्रथमोपचाराची पेटी.' माझं डोकंच फिरलं.

"चहात साखर किती घालते तेही लिही! काढ माझं नाव."

"आई, मदतीला कोण असतं ते लिहायचंच आहे."

"मी मदतीला नसते. मी माझ्या लेकीबरोबर जाते. घरी एकटी बसून भिंती बघू का? काढ म्हणते ना!"

मी तासभर तिच्या मागे भुणभुण लावली. शेवटी वैतागून तिने ती ओळ गाळली आणि चौथ्यांदा कागद स्वच्छ लिहून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं मुकाट ऐकलं असेल.

आता टाचणीबद्दल सांगते, कारण जे झालं ते तिच्यापायी झालं. तिचं नाव टाचणी मीच पाडलेलं. काडीसारखी पोर, पण बोलली की टोचेल अशी. बाप बेकरीत भट्टीवर कामाला, आई शिवण करते. शाळेचं शेवटचं वर्ष. एका क्रीडा महाविद्यालयाचे लोक दरवर्षी शाळा-शाळांच्या स्पर्धेला येऊन बसतात आणि मुली निवडून नेतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. टाचणीला तिथे जायचं होतं. पण स्पर्धेत उतरायला शाळेच्या संघात जागा हवी, आणि तिच्या जागेवर एकच मुलगी घेतात. यंदा नाही तर कधीच नाही, हे ती मला चहाचे कप विसळता विसळता सांगायची. इतक्या वेळा सांगायची, की तिच्याइतकाच माझाही जीव टांगणीला लागला होता.

ती सेटर. म्हणजे जिच्याकडे दुसरा चेंडू येतो ती. तिने तो उचलून द्यायचा आणि दुसरीने उडी मारून हाणायचा. कुणाला द्यायचा, समोरच्या बाजूला की स्वतःच्या डोक्यावरून मागे, यातच सगळी गोम. ती देईपर्यंत पलीकडच्यांना कळता कामा नये.

आणि टाचणी कमाल करायची. चेंडू तिच्या बोटांना शिवला न शिवला तोच निघालेला असायचा. बघणारे म्हणायचे, या मुलीला पाठीला डोळे आहेत. मला हसू यायचं, कारण डोळे कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. माझ्या लेकीच्या घशात गाठी झाल्या होत्या. पत्र्याखाली ओरडून ओरडून आवाज पार बसला, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून तंबी दिली. तेव्हापासून ती टाळ्या वाजवायला लागली. एक टाळी म्हणजे पुढे दे, दोन म्हणजे मागे. घसा बरा झाला तरी टाळ्या राहिल्याच. बाकीच्यांना वाटायचं मॅडम मुलींना उत्साह देतात. टाळीबद्दल शंका कोण घेणार?

कागदात लेकीने हे लिहिलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. तिला ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आपण श्वास घेतो हे कुणी लिहून देतं का?

निवडीच्या दिवशी लेक शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसली, दार लावून. आदल्या रविवारी टाचणी तिला विचारत होती, "मॅडम, निवडीला कुठल्या बाजूने सुरुवात करतील?" तर ही बाई ओठ मिटून चेंडूत हवा भरत राहिली. मी डोळ्यांनी खुणावलं, सांग की काहीतरी. तिने मान हलवली. नियम म्हणजे नियम! नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा तिचा बापाकडून आलेला गुण.

मी सकाळीच लेकीला, चष्म्याची काडी बदलायला जाते असं सांगून ठेवलं होतं आणि थेट शाळेत गेले. रखवालदार मला ओळखतो, त्याने वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये कडेच्या बाकांवर पाच-सहा आया बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. मी कुठल्या कागदात नव्हते, मला कोण उठवणार? मनात म्हटलं, पोरीला ओळखीचा एक चेहरा तरी दिसेल.

निवडायला दोघं होती. गणिताचे सर, डोक्यावर टोपी आणि हातात पेन. आणि दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षक बाई, केस बारीक कापलेल्या, चेहरा दगडी. मुली आत आल्या. टाचणीने आधी खेळाडूंच्या बाकाकडे बघितलं, जिथे माझी लेक उभी राहते तिथे. तिथे गणिताचे सर होते. तिने दाराकडे बघितलं. मग परत सरांकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मॅडम नसणार हे या पोरीला कुणी सांगितलेलंच नाही.

खेळ सुरू झाला. चेंडू टाचणीकडे आला आणि ती थबकली. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण थबकली. मग तिने चेंडू नुसता उंच उडवून दिला, कुणालाही कळेल असा. पलीकडच्या दोघी आरामात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो परतवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेंडू तिच्या हातातून निसटला. तिच्याऐवजी उभी राहणारी दुसरी सेटर होती, गोबऱ्या गालांची एक मुलगी. ती तर धडधडीत चुका करत होती. पण प्रत्येक वेळी "माझा!" म्हणून ओरडायची, चुकली की कपाळावर हात मारून हसायची आणि पुढच्या चेंडूला पुन्हा ओरडायची. बारीक केसांच्या बाई तिच्याकडे बघत होत्या.

मला ते सहन होईना. ही माझी टाचणी नव्हे, हिला येतं हो सगळं, असं उभं राहून ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात चेंडू वर गेला आणि मला दिसलं, मागची मुलगी मोकळी आहे. माझे हात माझ्याही आधी उठले. दोन टाळ्या.

टाचणीने बघितलंसुद्धा नाही. चेंडू तिच्या डोक्यावरून सुर्रकन मागे गेला आणि मागच्या मुलीने तो असा आपटला, की हॉल दणाणला. सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. बारीक केसांच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या, सरांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मनात म्हटलं, घ्या, आता बसा नियम चाटत.

टाचणीने मान वर केली, बाकांवर शोधलं आणि मी तिला दिसले. तिचा चेहरा उजळला. मीही मान डोलावली. आता काही भीती नाही, मी आहे.

पुढचा चेंडू आला. मी लगेच एक टाळी वाजवली, पुढे दे. वाजवली आणि वाजवता वाजवताच दिसलं, की पुढे जाळ्यापाशी दोन उंच मुली हात वर करून उभ्या आहेत. चूक माझी. मी काय खेळाडू आहे का? चहा करणारी बाई मी. आणि टाचणी त्या दोघींच्या नाकासमोर उभी होती, तिला त्या माझ्याआधी दिसायला हव्या होत्या. तरी तिने चेंडू पुढेच दिला. एका क्षणाचाही विलंब न लावता, हसऱ्या चेहऱ्याने. आमच्या मुलीने हाणला, त्या दोघींच्या हातांवर आदळला आणि परत येऊन टाचणीच्या तोंडावर बसला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. कुणी नंबर सांगितला की जोडून द्यायचा. कुणाशी बोलतोय, कशाला बोलतोय, बरं की वाईट, आपल्याला काय त्याचं? माझ्या पोरीने या पोरीला एक्स्चेंजमध्ये बसवलं होतं. पोर चेंडू खेळतच नव्हती. ती आम्ही सांगू तो नंबर जोडत होती.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. टाचणी प्रत्येक चेंडूला माझ्याकडे बघायची. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा तर तिने भुवया उंचावल्या, जणू म्हणत होती, आजी, काय झालं, वाजवा की. चेंडू तिच्या हाताजवळून जात होता आणि ती माझ्याकडे बघत होती. शेजारची बाई म्हणाली, "या मुलीचं लक्षच नाही खेळात." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

निकाल तिथल्या तिथेच सांगितला. गोबऱ्या गालांची मुलगी संघात.

बाहेर नळावर टाचणी तोंड धूत होती. नाकाखाली थोडं रक्त होतं. मी रुमाल पुढे केला, तिने तो घेतला नाही.

"दुसऱ्या वेळची टाळी चुकली तुमची," ती म्हणाली. "ठीक आहे, चुकते एखादी. पण मग थांबलात का? मी वाट बघत होते ना."

"अगं, जाळ्यापाशी दोघी उभ्या होत्या. तुला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या."

"मग तरी पुढे का दिलास?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"टाळी एकच वाजली होती," ती म्हणाली.

घरी येऊन मी लेकीला सगळं सांगितलं. न सांगून करते काय? तोंडाला कुलूप लावून बसायचा माझा स्वभाव नाही. आधी ती भडकली. इतकी भडकलेली मी तिला तिच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती, आणि तेव्हा तर निम्मी मंडळी उपाशी परतली होती.

"तुझं नाव लिहिलं होतं मी! तू काढायला लावलंस! तुला कळतं का काय केलंस ते? मी बाहेर बसायचं आणि तू आत बसून माझ्या टाळ्या वाजवायच्या? त्या तक्रार करणाऱ्या बाईने माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं केलंस तू!"

"हो, केलं. घाल मला फासावर. पण ती पोर काय म्हणाली ते ऐकून घे आधी."

"नाही ऐकायचं मला."

"दोघी दिसल्या म्हणाली. आणि तरी पुढे दिला. टाळी एकच वाजली म्हणून."

लेक माझ्याकडे वळली.

"दिसल्या म्हणाली?"

"हो."

"नक्की तसंच म्हणाली? दिसल्या नाहीत असं नाही?"

"माझे कान अजून शाबूत आहेत."

ती खुर्चीवर बसली. स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघत राहिली. मी तिच्यापुढे चहा ठेवला, तो निवून गेला. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि तिची दया आली. घसा फुटेस्तोवर ओरडून, रविवार-रविवार खर्ची घालून या बाईने त्या पोरीला वाढवलं होतं. कुणाचा हक्क मारला नाही, कुणाला झुकतं माप दिलं नाही. ज्याचा सगळे संशय घेत होते ते तिने केलंच नव्हतं. जे केलं त्याचा संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

मग ती उठली आणि पाचवा कागद लिहिला. आई हॉलमध्ये होती, आईने खुणेच्या टाळ्या वाजवल्या, क्लबात अशा खुणा वापरतो, चौकशी करावी, टाचणीची निवड पुन्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. लेकीने फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"अहो मॅडम, प्रेक्षकांत बसून एखाद्या आजीने टाळी वाजवली, तर त्याची काय चौकशी करायची?" ते हसत होते. "आणि तुमच्या क्लबातली मुलगी निवडली गेली असती तर गोष्ट वेगळी. निवडली गेलीच नाही ना! मग प्रश्न कुठे येतो? उलट तुम्ही नियम इतका काटेकोर पाळलात, मी संस्थेच्या बैठकीत तुमचं उदाहरण देणार आहे."

"सर, तुम्हाला समजत नाहीये," लेक म्हणाली. "त्या मुलीला दिसत होतं—"

"समजलं, समजलं," ते म्हणाले.

रविवारी गोदाम उघडलं. मी जाळं बांधायला मदत केली, चहा ठेवला. लेकीने मुलींना गोल उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून टाळ्या नाहीत. ज्याचं त्याने बघायचं, ज्याचं त्याने ठरवायचं." मुलींनी एकमेकींकडे बघितलं. लेकीने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दोन्ही हात खिशात घातले.

टाचणी येणार नाही असं मी धरून चालले होते. पण आली, उशिरा. दारातच उभी राहिली, बूट न बदलता.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये नसणार, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मुख्याध्यापकांना?"

"हो."

"गणिताच्या सरांना?"

"हो. नियमच तसा होता. तुमच्याशी बोलायला मनाई होती."

"सगळ्यांना लिहून कळवलंत तुम्ही," टाचणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "फक्त मला नाही. आणि टाळीशिवाय मला खेळता येत नाही, हे? हे माहीत होतं तुम्हाला?"

पलीकडे कुणीतरी चेंडू आपटत होतं, ते थांबलं. मी चहाच्या पातेल्यावरची झाकणी हातात धरून तशीच उभी.

"नाही," माझी लेक म्हणाली. "नव्हतं माहीत."

"मलापण नव्हतं," टाचणी म्हणाली.

लेक पुढे जाऊन पोरीला जवळ घेईल असं मला वाटलं, मी घेतलं असतं. पण तिचे हात खिशातून बाहेर आले नाहीत. टाचणी खाली बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, खेळायचे बूट घातले आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. दुसरं कुठे जाणार होती ती?

चेंडू आला. मागची मुलगी मोकळी होती, मलासुद्धा दिसत होतं. मी खुर्चीवर बसून हात मांडीखाली दाबून धरले. लेकीच्या जाकिटाचे खिसे हलले, आत मुठी वळल्या, सुटल्या, परत वळल्या. आणि टाचणी चेंडूकडे बघत नव्हती. ती त्या खिशांकडे बघत होती. चेंडू तिच्या पायाशी पडला आणि घरंगळत माझ्या खुर्चीपर्यंत आला.

"परत," लेक ओरडली. तिचा आवाज पुन्हा बसायला लागला होता.